शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

आमच्या घरात दूध उतू जायला लागलं की माझा भाऊ ब्रेक दाबतो.

गॅस बंद करत नाही, हाक मारत नाही, उठत तर मुळीच नाही. बसल्या जागी त्याचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटतो आणि तसाच दाबलेला राहतो. दूध काही त्याच्या हाताखाली शिकलेलं नाही, त्यामुळे ते थांबत नाही. ते ओट्यावर येतं, ओट्यावरून खाली येतं, आणि पुसायला मी असतेच. शेजारणीच्या हातून कप निसटला की याचा पाय. टीव्हीवर कुणी जिन्यावरून गडगडलं की पाय. न्हाव्याने वस्तरा कानाजवळ आणला की पाय. त्या न्हाव्याने तर एकदा मला रस्त्यात गाठून विचारलं होतं, "तुमच्या भावाचा माझ्यावर काही राग आहे का?"

राग वगैरे काही नाही. माझा भाऊ ड्रायव्हिंग शिकवतो. म्हणजे शिकवायचा. शिकवण्याच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेला, मग पायाला तरी कसं कळावं की आता आपण गाडीत नाही, घरात आहोत? सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणते. मी त्याची थोरली बहीण, तो मला अक्का म्हणतो. मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, आणि पोटं वाढलेल्यांच्या पँटी सैल करून देणं. या शेवटच्या कामाला मरण नाही.

पायाचा हा खेळ पूर्वी घरातली गंमत होती. माझी भावजय ही मास्तरची अगदी पहिली विद्यार्थिनी. तिला गाडी शिकवता शिकवता याने लग्नाचं विचारलं, तेही गाडी उलटी घ्यायच्या धड्यात, म्हणजे तिला मान वळवून याच्याकडे बघावंच लागलं. पुढे दोघं कुठेही निघाली की गाडी ती चालवायची आणि हा शेजारी. दुसऱ्या कुणाच्या साध्या गाडीत बसला तरी जिथे ब्रेक नाही तिथे याचा पाय दाबला जायचा. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची, "मास्तर, पाय." की हा ओशाळून पाय मागे घ्यायचा. जेवताना, नाटक बघताना, लेकीच्या लग्नात फोटोवाला मागे सरकत सरकत स्टेजच्या कडेला आला तेव्हा, "मास्तर, पाय." तिचा आवाज कधी चढला नाही आणि याचा पाय कधी सुधारला नाही.

मास्तरच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत एक पद्धत होती. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन लोखंडी खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असायच्या. कुणी फाटकाला गाडी घासली, कुणी सिग्नल तोडला, की त्याला उजव्या खुर्चीवर बसवायचं, हातात भंगारातून आणलेलं स्टिअरिंग द्यायचं आणि मास्तरने डाव्या खुर्चीवर बसायचं. मग झालेली चूक पहिल्यापासून सावकाश पुन्हा. रस्ता कुठला, नजर कुठे होती, पाय कशावर होता. ओरडणं नाही, बोलणी नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायचा. आणि शेवटी एकच प्रश्न असायचा, "चूक कुठे?" उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. ते मिळेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. बँकेतले एक साहेब सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसून होते, कारण चूक भिंतीची आहे असं त्यांचं ठाम मत होतं. उत्तर मिळालं की खुर्चीवरून उठायचं ते थेट गाडीत. मध्ये पाणीसुद्धा प्यायचं नाही. "भीतीला बस म्हटलं की ती चहा मागते," असं तो म्हणायचा. आणि छाती ठोकून सांगायचा, "प्रत्येक धडकेत एक चूक असते. शोधली की सापडतेच."

त्याच्या स्वतःच्या धडकेत मात्र त्याने ती शोधली नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही.

शाळेची गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून दोघांनी जावयाची गाडी घेतली होती. मैत्रिणीकडे जेवायला निघाले होते. भावजय चालवत होती. धान्याच्या गोदामापुढे चढाच्या पायथ्याशी एक चौक आहे. सिग्नल हिरवा होता. उजवीकडच्या उतारावरून पाण्याचा टँकर आला, त्याचे ब्रेक निकामी झाले होते. संध्याकाळच्या आत भावजय गेली. मास्तरचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि उजवा पाय मोडला. डॉक्टरांनी मला एक्स-रे दाखवून सांगितलं की पायावर काही आदळलेलं नाही, तो ताठ दाबून धरल्यामुळेच धक्क्याने मोडला आहे. जावयाच्या गाडीत त्या जागी ब्रेक नव्हता, रबरी चटई होती.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. पाय सांधला, पण मास्तर गाडीत बसला नाही. कुठल्याच नाही. दाताच्या डॉक्टरकडे भर उन्हात चालत गेला आणि दात काढून, गाल धरून, चालत परत आला. स्टिअरिंग माळ्यावर टाकलं. दोन्ही खुर्च्या स्वयंपाकघरात आणल्या, कारण बसायला कमी पडतं म्हणे. घरात माणसं कमी झाल्यावर बसायला कमी कसं पडतं ते मी विचारलं नाही. मी माझं मशीन उचललं आणि त्याच्याकडे राहायला आले. एकदा दूध उतू जात असताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मास्तर, पाय." तो ताटावरून उठून गेला. त्यानंतर ते दोन शब्द या घरात कुणी उच्चारले नाहीत.

शाळा चालवली त्याच्या लेकीने, माझ्या भाचीने. तिला आम्ही चिमणी म्हणतो. हे नाव ठेवलं तेव्हा ती खरंच चिमणीएवढी होती. आता तिला दिवस गेले होते आणि पोट असं पुढे आलं होतं की सीट पुढे घेतली तर डॅशबोर्डला लागायचं आणि मागे घेतली तर शिकवणाऱ्याच्या ब्रेकला पाय पुरायचा नाही. एका दुपारी ती आत आली, खुर्चीवर टेकली आणि सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी आता पुरे म्हणून सांगितलंय. बाबा, तुम्ही बसणार असाल शिकवायला तर सांगा. नाहीतर महिनाअखेर पाटी उतरवते."

मास्तर पेपर वाचत होता. पान न उलटता म्हणाला, "उतरव. गाडीही विकून टाक."

चिमणीची हनुवटी हलली, आणि ती लहान असताना रडण्याआधी जशी हलायची तश्शीच हलली. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर मी त्याच क्षणी तोंडसुख घेतलं असतं. पाटी उतरली की हा माणूस मरेपर्यंत या ओट्यासमोर बसून दुधावर ब्रेक दाबत राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. सरळ समजावून सांगितलेलं ऐकणाऱ्यातला तो नाही. लहानपणापासून त्याला चिडवूनच कामाला लावावं लागतं. मी टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"मला गाडी शिकव," मी म्हटलं.

त्याने पेपर खाली घेतला. "तुला? अक्का, वय काय तुझं?"

"तुझ्यापेक्षा जास्त. आणि ते कायम जास्तच राहणार, त्यामुळे तू त्यात पडू नकोस."

"मी गाडीत बसणार नाही."

"गाडीत बस म्हणालं कोण? इथे शिकव. खुर्च्या आहेत."

माझा विचार एवढाच होता की मी इतकी वाईट शिकेन, इतकी वाईट शिकेन, की शेवटी मास्तरच वैतागून मला गाडीत नेईल. वाईट शिकण्यासाठी फारसे कष्ट पडले नाहीत.

स्टिअरिंग म्हणून मोठ्या पातेल्याचं झाकण. गियर म्हणून तांदळाच्या डब्यात उभा खोवलेला लांब दांड्याचा डाव. क्लच म्हणून जुनी उशी, कारण क्लच दाबला की आत जायला हवा. अॅक्सिलरेटर म्हणून माझी चप्पल आणि ब्रेक म्हणून अर्धी वीट. हे सगळं मास्तरने स्वतः मांडलं, दोनदा अंतर मोजून वीट सरकवली आणि मग डाव्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याच्या बाजूला काहीच नव्हतं, नुसती फरशी.

मशीनवर बसून बसून माझे पाय एकत्र चालतात, एक टाच वर तर दुसरी खाली. ते गाडीला चालत नाही म्हणे.

"अक्का, पाय झुलवू नकोस. गाडी आहे ही, पडदा नाही."

"मग तो क्लच का हलतोय?"

"तूच हलवतेयस. आता दुसरा गियर. डाव हळू. अगं, हळू."

रोज धडा संपला की मी केरसुणी घेऊन खाली सांडलेले तांदूळ गोळा करायचे. पण एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी, तो शिकवत होता फार छान. दोन वर्षांत एका दमात चार वाक्यं न बोललेला माणूस, खुर्चीवर बसला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. ओट्याकडे बघत सगळी रहदारी उभी करायचा. "समोर शाळा सुटलीय. तो बघ, पोरगा बूट शोधायला मध्येच थांबला. आता एक म्हातारी रस्ता ओलांडतेय."

"कशी दिसते?"

"तुझ्यासारखी."

"मग तिला आधी जाऊ दे. ती थांबणाऱ्यातली नाही."

चिमणी कमरेवर हात ठेवून दारातून बघायची आणि विचारायची, "आत्या, आज गाडी फ्रीजपाशी लावलीस का?" तीही हसायची. पण पाटी काही वर राहणार नव्हती. तिने शेवटच्या शिकाऊ मंडळींना दुसऱ्या शाळेचे पत्ते द्यायला सुरुवात केली होती. मास्तरला गाडीत बसायला सांगितलं की तो झाकणावरची धूळ पुसायचा आणि म्हणायचा, "तुझं वळण अजून कच्चं आहे."

सरळ रस्ता झाला, वळणं झाली, उलटी गाडी झाली. चौक मात्र तो घेईना. मागितला की "नंतर" म्हणायचा. एका सकाळी मी हट्टालाच पेटले. "चौक घे, नाहीतर मी उठते आणि पुन्हा बसणार नाही."

खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो नाही म्हणू शकत नाही, हा त्याचा जुना दोष आहे. त्याने सुरुवात केली. "दुसऱ्या गियरमध्ये सरळ चल. रस्ता मोकळा आहे. डाव्या हाताला गोदाम लागेल."

गोदाम शब्द आला आणि मला कळलं की हा कुठल्या रस्त्याने मला घेऊन आलाय. त्याला स्वतःला ते एका वाक्याने उशिरा कळलं. आमच्याकडे गोदाम एकच आहे. मी थांब म्हणू शकले असते. पण कपडा बिघडलाय हे डोळ्यांना दिसत असताना नुसत्या इस्त्रीने भागत नाही, शिवण उसवावीच लागते. मी झाकण घट्ट धरून ठेवलं.

"सिग्नल कुठला?" मी विचारलं.

"हिरवा."

"मग जाऊ?"

तो म्हणाला, "जा."

त्याचा पाय खाली गेला. दुधाच्या वेळी जातो तसा दाणकन नाही. हळूहळू, दाबत दाबत, गुडघा थरथरेपर्यंत. "उजवीकडून टँकर," तो म्हणाला.

मी वीट दाबली. "दाबला. आता?"

"हॉर्न."

"दिला."

"तिनेही दिला होता," मास्तर म्हणाला. त्या दिवसाबद्दल तो बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

खुर्चीवर बसल्यावर काय म्हणायचं ते मला त्यानेच शिकवलं होतं. "पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा गोदाम. पुन्हा हिरवा दिवा. या वेळी टँकर आल्याबरोबर मास्तरने झेप घेतली आणि डाव खस्सकन वर ओढला. तांदूळ फरशीभर झाले.

"तो गियर आहे," मी म्हटलं.

"आत्ता हँडब्रेक आहे. हे करायला हवं होतं मी. हात मोकळा होता माझा, अक्का. हँडब्रेक हाताशी होता. आणि मी पाय दाबत बसलो. जिथे काही नाही तिथे दाबत बसलो. एवढी वर्षं लोकांना शिकवलं आणि वेळ आली तेव्हा मी चटई दाबली."

दोन वर्षं हा माणूस आतल्या आत काय चघळतोय ते मला कळत नव्हतं. ते हे होतं. रोज जेवताना, झोपताना, न्हाव्याकडे, तो पाय दाबत नव्हता, तो त्या पायाला शिव्या घालत होता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण माझ्या दोन्ही हातांत झाकण होतं.

"हँडब्रेक ओढला," मागून आवाज आला. चिमणी दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. ती सावकाश आत आली, स्टुलावर बसली आणि शिकवण्याच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "मागची चाकं जाम झाली. गाडीचं काय होतं?"

मास्तर नव्या पोरासारखा खाली बघून म्हणाला, "फिरते."

"फिरली. मग टँकर कुठे लागतो?"

"माझ्या दारावर."

"मग?"

"मग चाललं असतं मला."

माझा तोल गेला. "मला नसतं चाललं," मी म्हटलं आणि झाकण फेकलं. "मी कडेवर घेऊन वाढवलंय तुला. आणि ती वाचली असती तर काय सुखात राहिली असती का रे? ती याच खुर्चीवर बसली असती. आपण हॉर्न लवकर का दिला नाही, म्हणून तीही असाच जीव खात बसली असती. मग मी तिच्याकडे राहायला गेले असते आणि तिच्या घरचं दूध पुसलं असतं."

"आणि मला कुणी विचारणार आहे का?" चिमणी म्हणाली. कोरडा आवाज गेला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मला तुम्ही दोघं हवी होतात, बाबा. दोघांतलं कुणाला ठेवू, असं मला कुणी विचारलं नव्हतं. जो राहिलाय तो मला हवाय. तो गाडीत नको असेल तर नको, पण तो इथे तरी असू दे. तुम्ही तर इथेही नसता."

झाकण फरशीवर घणघण करत गोल फिरत होतं. पातेल्याची झाकणं अशा वेळी थांबायचं नाव घेत नाहीत. मास्तरने पाय पुढे केला आणि ते दाबून थांबवलं. दोन वर्षांत त्या पायाने पहिल्यांदाच काहीतरी थांबवलं होतं. आम्ही तिघांनीही त्या पायाकडे बघितलं.

"पुन्हा," चिमणी नाक पुसत म्हणाली. "आता मी घेते."

तिने आम्हाला सावकाश नेलं. गोदामापासून नाही, घरापासून. आईची नजर कुठे होती? रस्त्यावर. वेग? बेताचा. आरशात बघितलं होतं? बघितलं होतं. ती काही बोलत होती? मैत्रीण नेहमी मीठ कमी घालते असं म्हणत होती. हे सांगताना मास्तर किंचित हसला आणि लगेच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. सिग्नल? हिरवा. टँकर कधी दिसला? दिसला तेव्हा तो चौकातच होता. तिने काय केलं? ब्रेक, हॉर्न. तुम्ही? पाय. उतारावरून येणाऱ्या टँकरला त्याने काही फरक पडला असता का? नाही. हँडब्रेकने तो थांबला असता का? नाही.

मग तिने तिच्या बापाच्या आवाजात, जराही न बदलता, तो प्रश्न विचारला. "मास्तर, चूक कुठे?"

मी तोंड उघडलं. चिमणीने हात वर करून मला गप्प केलं. बरोबर होतं तिचं. उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असतं.

मास्तर भिंतीकडे बघत बसला. नळ ठिबकत होता. बाहेर कुणीतरी जोरजोरात गालिचा झटकत होतं. बँकेतले साहेब बसले होते तसा आता हा बसणार की काय, असं मला वाटायला लागलं.

"तिची नव्हती," तो म्हणाला.

"ते ठाऊक आहे मला. पुढे."

"गाडीत नव्हती," मास्तर म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "चूक गाडीत नव्हती."

आणि तो रडला. भावजय गेली तेव्हा तो रडला नव्हता, पाहुण्यांना खुर्च्या देत फिरत होता. आता दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून, मोठ्याने रडला. मीही रडले, आणि मला त्यात काही लाज वाटली नाही. चिमणी दोघांच्या पाठीवर आळीपाळीने हात फिरवत राहिली, कारण पोटामुळे तिला एकदम दोघांपर्यंत पोचता येत नव्हतं.

थोड्या वेळाने मास्तरने डोळे पुसले आणि पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. चिमणीने ग्लास ओढून घेतला.

"पाणी नाही. खुर्चीवरून उठायचं ते थेट गाडीत."

"चिमणे."

"नियम तुमचा आहे."

त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिच्याबरोबर? हिने अजून खरा क्लच बघितलेला नाही."

"म्हणून तर तुझ्या बाजूला ब्रेक ठेवलाय ना," मी म्हटलं आणि चप्पल पायात घातली. आतापर्यंत ती अॅक्सिलरेटर होती.

गाडी फाटकाबाहेर उभी होती, डोक्यावर शाळेची पाटी घेऊन. मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आला. बाहीने आरसा पुसला. दार उघडलं आणि दाराला धरून उभा राहिला, इतका वेळ की समोरच्या खिडकीतली बाई आत जाऊन दुसरीला बोलावून आली. मी शिकणाऱ्याच्या सीटवर बसून पुढे बघत राहिले. चिमणी फाटकाला टेकून उभी होती. तिला त्या वेळी काय वाटत होतं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग सीट करकरली. तो बसला होता. त्याचा पाय खाली गेला, चाचपडला आणि दाबला गेला. त्याबरोबर माझ्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली गेला. दोन्ही जोडलेले असतात, हे मला तेव्हा कळलं.

"आहे," मास्तर म्हणाला.

"आहे की."

त्याने पुन्हा दाबून बघितला. "आहे." पुन्हा दाबला. मी त्याला हवा तितक्या वेळा दाबू दिला. शेवटी त्याने पट्टा लावला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चल. आणि पाय झुलवू नकोस."

मी गाडी सुरू केली, बंद पाडली, सुरू केली. गियरचा दांडा डावासारखा वर उचलायला गेले, तो काही आला नाही. एकदाची गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला पाववाला सायकल घेऊन आडवा आला. मला सगळं आठवत होतं. नजर पुढे, हात घट्ट, पाय ब्रेकवर. फक्त स्वयंपाकघरातली वीट जिथे होती तिथे मी पाय टाकला, आणि तिथे काहीच नव्हतं.

गाडी जागच्या जागी थांबली. पाववाला मान न वळवता निघून गेला. मी खाली बघितलं. मास्तरचा उजवा पाय दाबलेला होता, गुडघा ताठ, आणि तो स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू पुष्कळ दिवसांनी कुणी ओळखीचं भेटलं.

"थांबली," तो म्हणाला.

"थांबली."

तो हसला. हसता हसता पुन्हा डोळे पुसले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मास्तरने वळून त्याला थांब अशी खूण केली, जुन्या सवयीच्या ऐटीत, आणि माझ्याकडे वळला.

"चूक कुठे?"

"विटेत," मी म्हटलं. "मास्तरने वीट चुकीच्या जागी ठेवली होती."



पाटी उतरली नाही. चिमणीने ज्यांना दुसऱ्या शाळांचे पत्ते दिले होते त्यातले बरेचसे परत आले. चौक शिकवायची वेळ आली की मास्तर त्या दिवशी अजून जरा गप्प असतो, आणि गोदामाच्या रस्त्याने जात नाही. वळसा पडतो, पण पेट्रोल त्याचं आहे. मी परीक्षेत नापास झाले. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, गाडी कुठे शिकलात, आणि मी खरं ते सांगितलं. खुर्च्या पुन्हा पुढच्या खोलीत गेल्या, आणि पुढच्या परीक्षेसाठी मी रोज तिथे बसते. घरी काम कमी नाही, पण नापास होऊन गप्प बसणाऱ्यातली मी नाही.

चिमणीला मुलगी झाली. परवा सकाळी मास्तर शिकाऊ माणूस यायच्या आधी नातीला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. मी टेबलाशी बसून एका पँटीची शिवण उसवत होते. ओट्यावर दूध होतं. ते वर आलं, कडेला फुगलं, आणि दाणकन आवाज झाला.

मास्तर थांबला. त्याचे दोन्ही पाय जागेवर होते. त्याने दुधाकडे बघितलं, मग वाकून टेबलाखाली बघितलं. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं, आणि माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता.

नात झोपली होती, म्हणून तो हळूच म्हणाला, "अक्का, पाय."